हिरवं भोक, गुलाबी भोक

नारीनच्या बाजारात, चाव्या करणाऱ्याच्या शेजारी
माझं दुकान: चार्जर, जुने कीबोर्ड,
आणि एक विजेची शेगडी, गुडघ्यांपुरतीच तापणारी.
बुरुलकान एजे लॅपटॉप घेऊन आली
शालीत गुंडाळून, थंडीत जन्मलेलं कोकरू आणतात तसा.

"रविवारी बंद होणार म्हणे ते सगळं."
ते म्हणजे एक ॲप. त्यात एक्केचाळीस निरोप.
वाजतात. उतरवून घेता येत नाहीत.
पोराचे. नाव तुर्सुन, म्हणजे राहो;
आधीची दोन गेल्यावर ठेवलेलं.
तोही आता इथेच असतो, नदीपलीकडच्या टेकडीवर,
येकातेरिनबुर्गहून पेटीतून आल्यापासून.
"मला ऐकायचं नाही," ती म्हणाली.
"फक्त ठेवायचं आहे."

मी सेटिंगमध्ये शिरलो.
लपवलेलं सगळं दाखव, म्हटलं.
दाखवलं त्यानं: एक माइक. बस्स.
आत जे वाजतं ते आतल्या आत टिपून घ्यायची सोय
ह्या कार्डात कुणी ठेवलीच नव्हती.
अशी यंत्रं असतात, स्वतःचं बोलणं
स्वतःच्या कानापर्यंत न पोचणारी.
माणसंही असतात, पण असो.

आधी स्पीकरपुढे माइक धरून पाहिला.
ती तेवढा वेळ बाहेर उभी राहिली, उणे अठरात.
आवाज आला. त्यात चावीवाल्याची कानस आली,
बिश्केकच्या गाडीवाल्याची हाळी, एक कुत्रं,
आणि सगळ्याच्या तळाशी
विहिरीतून कुणी बोलावं तसा तो.
पुसून टाकलं.

मग खणातून ती वायर काढली,
दोन्ही टोकांना एकसारखी पिन असलेली.
एक टोक हिरव्या भोकात, जिथून आवाज बाहेर पडतो.
दुसरं गुलाबी भोकात, जिथून आत जातो.
वीतभर वायर,
त्याच्याच तोंडातून त्याच्याच कानात.
आणि पिन बसली तशी खोली गप्प झाली.
"ये आत," मी हाक मारली,
"आता काही ऐकू येणार नाही."

पहिल्यांदा सगळं फाटलं.
गुलाबी भोक फार हळवं, कुजबुजीसाठी केलेलं,
त्याला ओरडा सोसत नाही.
आवाज शंभरावरून अठरावर आणला.
डावं-उजवं मिळून एकच झालं, त्याला इलाज नव्हता.
खाली विजेची बारीक घरघर होती;
शेगडी बंद केली तशी थोडी कमी झाली.

थंडीत बसलो.
चाळीस मिनिटांचं बोलणं उतरवायला
चाळीस मिनिटंच लागतात, एकही कमी नाही.
पडद्यावर रेघ फुगत होती, बसत होती.
एजेनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"इथे हसला," ती एकदा म्हणाली,
पडद्याला बोट न लावता दाखवत.
मग बऱ्याच वेळानं:
"इथे सिगारेट ओढतोय. त्याला वाटतं, मला कळत नाही."
मी पाहिलं. मला रेघच दिसली.

एकोणचाळिसाव्या निरोपाला माझा पाय अडकला
आणि वायर सुटली.
"...ओला असला तर घेऊ नकोस, अपा,
दुकानदाराला म्हण, ने परत तुझा कोळसा,
आणि गोणी उचलू नकोस, शेजारच्या पोराला..."
मी वाकलो, चाचपडलो,
पिन हिरव्यात परत घातली.
गप्प.

संपल्यावर मोजलं: नऊ सेकंद सपाट.
"तेवढं पुन्हा घेऊ," मी म्हणालो,
"दोन मिनिटांचं काम."
ती शाल झटकत होती.
"राहू दे. ते ऐकलं मी."

किती झाले, विचारलं.
मी दोनशे सोम सांगितले, तिनं अडीचशे ठेवले,
लॅपटॉप छातीशी धरला
आणि दार ढकलता ढकलता, माझ्याशी नव्हे, म्हणाली,
"ओला कोळसा कोण परत घेतं रे."