मच्छेतली भिंत

आमची मराठी शाळा, पलीकडं कन्नड.
मध्ये भिंत;
दर निवडणुकीनंतर तिला चुना लागतो.

यंदा पहिलीत बावीस पोरं जास्त,
नव्या प्लॉटांतली, फाउंड्रीच्या खोल्यांतली.
त्रिलोचन बेहेराला दोन्ही भाषा परक्याच.
हजेरीला नुसता हात वर करतो.

मधल्या सुट्टीत चेंडू पलीकडं गेला.
"चेंडू! टाक की इकडं!" कल्लाप्पा ओरडला.
"चेंडु?" पलीकडून एक पोरगी.
तोच शब्द,
उकार तेवढा ऱ्हस्व.

त्रिलोचन भिंतीवर चढून बसला,
दोन्हीकडं बघितलं,
आणि महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडलं:
"पेंडू!"

पायरीवर वह्या तपासत होते मी.
सवयीनं लाल पेन उचललं गेलं,
ते तसंच राहिलं हातात,
घंटा होईपर्यंत.