वरण गार होईपर्यंत

रात्री साडेदहाला डबे परत येतात.
बासष्ट. कधी साठ, कधी झाकणाशिवाय.
लातुरात, खाडगाव रोडच्या मागच्या गल्लीत
मी ते घासत बसते,
आणि हळद निघत नाही.

राखेनं नाही, लिंबानं नाही, निळ्या साबणानं नाही.
उन्हात उपडे घातले तर थोडी उतरते.
इतकी आत गेलीय, की डबाच आता
वरणाचा नातेवाईक वाटतो.

परवा देवणीच्या पोरीच्या डब्यात चिठ्ठी निघाली.
शिवलीला बिराजदार, दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली,
मीठ कमीजास्त झालं तरी कधी न बोललेली.
वहीचं पान, तेलाचा डाग:
'मावशी, उकळतं वरण प्लास्टिकात घालू नका.
हळद आत जाते ना, तसं काहीतरी बाहेरही येतं.'
खाली दोन षटकोन काढलेले, मध्ये सांधा,
कावडीला दोन घागरी असाव्यात तसे.
नाव लांबलचक. मला वाचता आलं नाही.

आमच्यात शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत.
वाटीभर ताक आलं, तर त्याच वाटीत
चिमूटभर साखर, चार शेंगा,
काहीच नसलं तर दोन हिरव्या मिरच्या.
वाटीवर नाव असायचं, ठोकून घातलेलं,
कुणाची, कोणत्या लग्नातली, सगळं.
या डब्याला नाव नाही,
बुडाशी त्रिकोण आणि त्यात एक आकडा.
पण रीत त्यानंही पाळली म्हणायची:
मी त्यात वरण घातलं,
त्यानं वरणात काहीतरी घातलं.
रंग नसलेलं, वास नसलेलं,
तिखटाखाली न कळणारं.

खोटं कशाला बोलू, प्लास्टिकनं मला उभं केलं.
तांब्याची घागर घेऊन दोन मजले चढताना
जी कंबर गेली,
ती लाल घागरीनं थोडी परत दिली.
टँकर यायच्या आधी रांगेत माणसं नसायची,
घागरीच असायच्या, लाल, निळ्या, हिरव्या,
लाथ बसली तरी न चेपणाऱ्या.
सासूची पितळी पातेली मी स्वतः मोडीत घातली,
त्या पैशात हे डबे.
दुकानदार म्हणला होता, ताई, हे मरत नाही.
मला वाटलं, कौतुक करायलाय.

येळवशीला गावी गेले.
अंबिल यंदा बिंदगीत नव्हती,
तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये होती,
सकाळपासून उन्हात, आंबट, झकास झालेली.
'पी की, काय बघायलीस?' भाऊ म्हणला.
मी कॅनचं बूड बघत होते.
मग प्यायले. दोन द्रोण.
त्याला काय सांगणार, षटकोन?

स्टीलच्या बासष्ट डब्यांचा हिशेब केला.
वहीत बसला नाही.
पंधरा आणले, हप्त्यावर.
बाकीच्यांसाठी आता सकाळी नऊला गॅस बंद करते
आणि झाकण काढून बसते.
लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली,
गरम वाढ, गरम वाढ, हेच ऐकत आले.
कुणाच्या ताटात वाफ नसली की माझी मान खाली.
आणि आता पंख्याखाली पातेलं ठेवून
मी वाफ जायची वाट बघते.
बोट घालून पाहते. अजून नाही.
वरणावर पातळ सुरकुती धरते.
अजून थोडं.

दुपारी पोरांचे फोन.
'मावशी, वरण गार? गॅस संपला का?'
हो म्हणते, संपला.

शिवलीलाचा डबा काल परत आला.
पंधरातला एक. जड, कोरा,
झाकणावर तिचं नाव, यंत्रानं घालून घेतलेलं,
आडनावातला एक काना राहिलेला.
आत गुळाचा खडा होता,
प्लास्टिकच्या कागदात बांधलेला.