दुसरीचा फळा

पाच इयत्ता एकाच खोलीत बसतात
आणि खोली तरी अर्धी रिकामी.
पहिलीत एकटी समीक्षा, खिडकीकडं.
दुसरीत कुणीच नाही.
तिसरीत घाडींची जुळी, चौथीत तिघं,
पाचवीत लुमाण्णा, वयानं सातवीचा,
गवे उतरले की आठ-आठ दिवस न येणारा.
पट सात.

पट घसरला की वरून कागद येतो.
मी ओळीखाली अंगठा धरून वाचतो,
बत्तीस वर्षांत एवढं कन्नड जमलंय.
'विलीन' हा शब्द दोन्हीकडं सारखाच,
फक्त अक्षरं त्यांची वाटोळी.

सकाळी आठ-वीसला फाट्यावर पिवळी व्हॅन.
टाय लावलेली चौदा पोरं चढतात,
त्यातल्या नऊजणांच्या तर बापांच्याच बारशाला जेवलोय मी.
मोनाप्पाला विचारलं, का रे, तूसुद्धा?
तू तर याच खांबाला टेकून शिकलास.
"तेच की सर," म्हणाला,
"शिकलो म्हणूनच तिकडं पाठवूलालोय.
हुबळीत कन्नड कच्चं म्हणून माघारी,
पुण्यात कर्नाटकातला म्हणून माघारी.
पोराला तरी माघारी यायला नको."
टेम्पोचा गिअर टाकून गेला.
राग नाही आला.
हिशेब बरोबर होता त्याचा, मीच शिकवलेला.

जुलै लागला, मराठीची पुस्तकं नाहीत.
गणिताचा गठ्ठा आला तो कन्नडमधला, चुकून.
मग मागच्या वर्षीची जमवली,
चित्रातल्या बायांना मिशा काढलेली,
गाळलेल्या जागा आधीच भरलेली.
समीक्षाला वाटतं, उत्तरं छापूनच येतात.
रोज पहिला तास खोडण्याचा:
आधी कुणाचा तरी अभ्यास पुसायचा,
मग आपला.

महादेवी हूगार बाई बैलहोंगलहून येतात, दोन बस बदलून.
अतिथी शिक्षिका. चार महिने मानधन नाही,
अतिथीला कोण पगार देतं!
पहिल्या दिवशी त्यांना मराठीचा गंध नव्हता.
पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पाटि?"
पोरं ओरडली, पाटी!
"कुर्चि?" खुर्ची!
"किटकि?"
इथं मात्र पोरं लोळायची बाकी राहिली.
खिडकी, बाई, खिडकी.

समीक्षाला ळ येत नव्हता.
गाव विचारलं की 'मालोली' सांगायची.
दोन महिने माझी जीभ दुखली, तिची हलली नाही.
बाईंनी तिला समोर बसवलं,
तोंड उघडून जीभ मागं दुमडून दाखवली,
मळे म्हणाल्या, होळे म्हणाल्या,
म्हणजे पाऊस, म्हणजे नदी,
हे पोरीला कुठलं कळायला.
पण एका सोमवारी हजेरीच्या मध्येच उठली
आणि कुणी न विचारताच म्हणाली,
"माळोळी."
दोन्ही ळ जागच्या जागी.

पाटी कुणाची, किटकी कुणाची,
बाकी सगळ्याचे खटले चालू आहेत,
हा ळ कुणाचा,
ते अजून कुठल्या कोर्टात गेलेलं नाही.
मीही कुणाला सांगितलं नाही.

आज परत कागद आलाय.
शाळेत काय काय आहे, तक्ता भरून द्या.
खुर्च्या दोन, एक डगमगती.
घंटा म्हणून रुळाचा तुकडा एक.
बिसीऊटाची पातेली तीन, झाकणं दोन.
फळे किती?
लिहिताना थांबलो.
बाई म्हणाल्या, "सर, दुसरीचा फळा कशाला रोज पुसूलायसा?
त्याच्यावर कोण लिहितंय?"
त्यांचं मराठी आता आमच्यासारखंच मोडकं झालंय.

कुणी लिहीत नाही, खरंय.
धूळ मात्र बसते.
आणि समीक्षा
पुढच्या जूनला
दुसरीत जाणार आहे.

मी तक्त्यात लिहिलं, फळे पाच,
आणि ओला बोळा घेऊन उठलो.