मुका खांब

उंच खांब नको घालूस, नेकबख्त.
दिसतो डौलदार, भराभर वाढतोही,
पण दोन खांबांच्या मधून
गुंत नदीवरचं वारं
शीळ घालत आत येतं.
रुमालाला ठीक आहे तो, लग्नातल्या.

शिंपले तर नकोतच.
शिंपल्यांनी समुद्राकडे जावं,
मी काही तो पाहिला नाही.
फुगीर बुंदे उबदार खरे,
पण बुटात टोचतात, आणि लोकर किती खातात!
दोन मेंढ्यांची मिळून एवढीच आहे,
त्यातही काळी फक्त मूठभर.

जाळी? हसतेस ना.
मीही घातली होती, नवी नवरी असताना.
सासूने मोजा खिडकीपाशी उजेडात धरला,
त्यातून माझ्याकडे पाहिलं
आणि म्हणाली, पीठ छान चाळलं जाईल.

मुका खांब घाल.
बुटका, एकाला एक खेटून,
वीज गेल्यावर चुलीभोवती
शिरचाय घेऊन बसतो ना आपण, तसा.
बोटं दुखतील.
ती सुई नको, ती दुसरी दे,
सायकलच्या तारेची,
तुझ्या सासऱ्याने महिनाभर घासून केलेली.

आपल्याकडे मोजा बोटांपासून सुरू होतो,
घोट्यापासून नाही.
आधी पाऊल आठवावं लागतं.
इमोमयोरचं मला पाठ होतं,
आठ साखळ्या, मग फेरीला चार वाढव.
सुरगुतला जाऊन तीन हिवाळे झाले,
तरी विसरले नव्हते.

काल फोनवर चित्र सारखं अडकत होतं.
तोंड हलायचं, शब्द मागून यायचे.
आई, डावा जरा आखूड कर.
किती रे?
दोन बोटं.
मग हसला. म्हणाला, इथे बूट लहान मिळतात.

एकच बूट लहान मिळतो का,
असं आलं होतं ओठावर.
बर्फात उभं राहून भिंती बांधतात तिथे,
हे शेजारच्या सवसनचा मुलगा सांगून गेला होता.
चहा थंड झाला तेवढ्यात.

तर उजव्याला आठ.
डाव्याला मी पाच घातल्या रात्री,
उसवल्या, सहा घातल्या.
टोकाला लाल लोकर लाव, तीही दुहेरी.
आत काही नसलं
तरी तिथेच सगळ्यात आधी गारठतं.

मान वर कर बघू.
हे काय?
मी काही सांगायच्या आधीच
तुझ्या सुईवर पाच साखळ्या आहेत.

कधीपासून?

बरं, राहू दे.
दिवा इकडे सरकव थोडा.
मोज माझ्याबरोबर, मोठ्याने नको.