दोन सुलट, एक उलट

नेल्सनच्या बाजारामागे, बंद सूतगिरणीच्या तळघरात
माझं दुकान. पाटीवर ‘ऑडिओ दुरुस्ती’,
आणि त्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं: ‘अजून?’
ते मी पुसलेलं नाही.

क्लिफर्ड ऑर्मरॉड आला तेव्हा गारा पडत होत्या.
कोटाच्या आत, तान्हं मूल धरावं तसा धरलेला
सीडी रेकॉर्डर, आणि खिशात एकच कॅसेट.
“बिघडलाय,” म्हणाला. “मेव्हिसचे तुकडे करतो.”

झाकणाला पाच स्क्रू हवेत, होते चार.

बघा, म्हटलं, इथून तिचा आवाज आत शिरतो.
आधी चाळण. कानाला न पोचणारं इथंच गळतं.
मग हा काळा चौकोन, बोटाच्या पेराएवढा,
सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा विचारतो:
आत्ता किती? आत्ता? आत्ता किती?
आणि प्रत्येक उत्तर सोळा घरांत मांडतो.
घरात एक, नाहीतर शून्य. तिसरं काही नाही.

“सुलट, नाहीतर उलट,” क्लिफर्ड म्हणाला.
त्याचे शब्द अर्थात वेगळे होते,
माझ्या कानात आईचे उमटले.

मी इचलकरंजीचा, मागांच्या खडखडाटात बोलायला शिकलेला,
म्हणून पुढचं सांगणं सोपं गेलं.
शेजारी जन्मलेले आकडे शेजारी राहत नाहीत.
एक इथं, दुसरा पार तिकडे, असे पांगवून विणतात,
मध्ये राखणीचे जादा धागे.
चकतीवर ओरखडा आला
तर कुणा एकाचं सगळं जात नाही,
सगळ्यांचं थोडं थोडं जातं, आणि उरलेले भरून काढतात.

आम्हीही पांगलो होतो. थोरला मस्कतला, ताई भिलाईला, मी इथं.
आईवर ओरखडा आला तेव्हा
कुणापाशी काय होतं भरून काढायला?
हे क्लिफर्डला सांगायचं नव्हतं. त्याला सांगितलं की
शेवटी आठाचे चौदा होतात, कारण
दोन एकांच्या मध्ये निदान दोन शून्यं लागतातच.
लेसरलाही श्वास घ्यावा लागतो.

तो हसला नाही. “लाव,” म्हणाला.

कॅसेट लावली. खरखर, किटलीचं झाकण,
मग एक बाई, स्वेटरचा नमुना वाचून दाखवणारी,
कुणाला ते कळलं नाही:
दोन सुलट, एक उलट, ओळ संपेपर्यंत.
आणि गप्प.
तीन सेकंद. चार.
पुन्हा बोलली, आणि पडद्यावर एकाचे दोन झाले.
आता बाही, म्हणाली. गप्प. तीन.
उलट, उलट, अगं बाई चुकलं. गप्प. चार.

“मशीन चांगलं आहे,” मी म्हटलं,
“त्याला वाटतं, शांतता झाली म्हणजे गाणं संपलं.
ही कळ दाबली की नाही करणार.”
बोट कळीवर गेलंही होतं.

“थांब. ती टाके मोजतेय.”

मग आम्ही दोघं गळ्यापर्यंत ऐकत बसलो,
म्हणजे स्वेटरच्या गळ्यापर्यंत.
तेवीस आकडे झाले. तेवीस वेळा तिनं
ओठ न हलवता बोट सुईवरून नेलं असेल.
फितीवर ती नुसती फीत होती.
इथं प्रत्येक आकड्याच्या आधी ती थांबलेली आहे,
थेट तिथं जाता येतं.

शेवटची कळ राहिली होती. ती दाबली की
अनुक्रमणिका कोरली जाते, चकती कुठंही वाजते,
पण मग तिच्यात आणखी काही भरता येत नाही.
“किती उरलंय?”
अकरा मिनिटं.
“राहू दे.”
मग ही फक्त याच मशीनवर वाजेल, मी बजावलं.
त्यानं कोटाची बटणं उघडली, मशीन आत घेतलं.

वहीत लिहिलं: दोष आढळला नाही.
स्क्रू, एक.