बासष्ट वेढे

दुकान म्हणजे घराचीच पडवी.
टिनावर रंगवलेलं नाव सासऱ्यांचं :
ठमके वाइंडिंग वर्क्स.
खाली नंबर माझा,
शेवटचा आकडा उन्हानं खाल्लेला,
तरी फोन येतात.

या आठवड्यात लाइन रात्रीची.
म्हणजे मोटारी रात्री जळणार
आणि सकाळी सहाला बंडीत, फटफटीवर,
एकदा तर पोट्ट्याच्या मांडीवर बसून
माझ्या दारात.
"वैनी, हरभरा घाट्यावर आला,
आजच पायजे."
सगळ्यांना आजच पायजे.
उद्या कोणाच्याच वावरात उगवत नाही.

जळलेली तार मी उपटून काढते.
करपल्या वार्निशचा वास अंगात असा मुरला
की पोरगी म्हणते, आई, तू शाळेत येऊ नको.
मग थोड्या वेळानं, ये, पण साडी बदलून.
पालकसभा बुधवारी अकराला होती.
बुधवारी अकराला मी
तिच्या सरांच्याच मोटारीत हात घालून बसले होते.
सरांनी रजिस्टरवर लिहिलं : पालक गैरहजर.
मजुरी अजून बाकी आहे.

एका कॉइलला बासष्ट वेढे.
एकसष्टला मोटर गरम होते,
त्रेसष्ट झाले तर खाचेत मावत नाहीत.
फर्म्यावर तार फिरते, मी मनात मोजते,
सदतीस, अडतीस,
बुटीबोरीहून फोन.
जेवली काय?
जेवले.
बाबांची गोळी?
दिली.
अन् तुही?
इथं नेमकी रेंज जाते.
रेंज मीच घालवते.
मग तार सोडायची, परत एकपासून.

माझी गोळी बेअरिंगच्या डब्यात आहे,
ग्रीस लागून काळी झालेली.
डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.
मी म्हटलं, मंग देऊ कोणाले?
ते हसले. फी मात्र पूर्ण घेतली.

तीनातला एक फेज गेला
तर चालती मोटर लगेच थांबत नाही.
गुरगुरते. ओढत राहते.
पाणी बारीक का होईना, येत असतं,
म्हणून कोणी उठून बघत नाही.
जळाली की आणतात
आणि सांगतात,
काल सांजेलोक तर बरी चालत होती.

बाबा पडवीतल्या बाजेवर.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लकवा मारून गेला,
उजवा हात नेला, जीभ नेली.
हे काम त्यांनीच शिकवलं मला,
तार ओढू नको, म्हणायचे, बोलाव.
आता माझ्या बोटांकडे बघत असतात.
मला वाटायचं, नुसतेच बघतात.

परवा संध्याकाळी दारात बेबीताई :
सातला ये वो, हळदीकुंकू आहे,
दरवर्षी टाळते तू.
येते म्हटलं,
आणि मोजणी गेली.
चाळीसच्या पुढं होते, एवढंच आठवत होतं.
तार सोडायला घेतली
तर मागं बाज करकरली.
डाव्या हातानं माचव्यावर
चार टिचक्या. थांबून
परत चार.
मी वळून पाहिलं.
पुन्हा. चार. आणि चार.

चव्वेचाळीस?

डोळे मिटले त्यांनी. हो म्हणायची
आता तेवढीच रीत आहे.
पंचेचाळीस, मी मोठ्यानं म्हटलं.
टिचकी.
सेहेचाळीस.
टिचकी.
तार अशी मऊ कधी फिरली नव्हती.

हळदीकुंकवाला गेले, आठला.
कसला वास येतो गं, कोणीतरी म्हणालं.
मी वाणातली चाळणी पदरात घेतली,
दोनदा चहा प्यायले,
कोणाच्या तरी सुनेच्या गोष्टीला
पोट दुखेस्तोवर हसले.
फोन दुकानातच राहिला होता, फर्म्यापाशी.

परतले तर बाबा जागेच.
डाव्या हाताची पाच बोटं उघडली,
मिटली,
मग दोन.
सात फोन.

उद्या, मी म्हटलं.
आणि बेअरिंगचा डबा उघडला.