नवस फळला

माय, कोंबडा आणलाय.
लाल, मोठ्या तुऱ्याचा,
पायाला जाळ्याची सुतळी बांधून.
बोललो होतो तसाच.

पण आधी ऐकून घे.
सात वर्षांपूर्वी बोडीवर
पांढरी पोटं वर करून तरंगत होतं माझं सगळं साल:
मरळ, शिंगूर, कतल्याची बोटभर पिल्लं
देवधानाच्या काड्यांत अडकलेली.
पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास.
पाळीवर चपलेचा एक ठसा,
उरकुड्याचा, किंवा कुणाचाही.
मी म्हटलं उरकुड्याचा.
सोसायटीच्या लिलावात त्याची बोली मी चढू दिली नव्हती,
म्हणून त्याचाच.

त्या मंगळवारी तुझ्या पुढ्यात,
हाताला मेलेल्या माशांचा वास तसाच,
मी बोललो, त्याचे डोळे जावोत.
गेले तर कोंबडा देईन.
इतकं स्पष्ट तर मी
पोरीच्या बाळंतपणातही मागितलं नव्हतं तुला.

परवा त्याला साकोलीहून आणलं.
साखर डोळ्यांत उतरली म्हणे.
सून हाताला धरून परसात नेते,
आणि तो पाय टाकतो
गाळात उतरताना आपण टाकतो तसा,
आधी अंगठा, मग भरवसा.
मी मोहाच्या आडून पाहिलं.
त्याला दिसत नव्हतं, तरी मी लपलो.

बायको म्हणाली, "माता मायनं आयकलं तुमचं."
आणि भाताचं गंज उतरवत राहिली,
माझ्याकडे न बघता.

नवस फेडतात कसा, ते ठाऊक आहे.
परत घेतात कसा?
फुटका नारळ तर दुकानदारही घेत नाही.

आणि एक राहिलंच.
त्याच साली, कापणीनंतर
त्याचा धानाचा पुंजणा जळाला.
तारेची ठिणगी पडली, लोक म्हणाले.
मीही म्हणालो, सगळ्यांत मोठ्यानं.
बादली घेऊन धावणाऱ्यांत मी पुढे होतो.
काजळलेल्या तोंडानं त्यानं ती माझ्या हातातून घेतली,
म्हणाला, "तू आला गा, महागू."

विषाचं मी गावभर सांगितलं.
काडीचं तुलाही नाही.
तुला दिसलं असेल.
तू बोलली नाहीस,
ते मी माफी समजून सात वर्षं वापरलं.

आता सुतळी सोडतो.
कापत नाही.
रागावायचं तर माझ्यावर रागाव.
मी काही मोठा झालो नाही, माय,
अजून त्याचा खोकला ऐकला
की बोटं आपोआप आवळतात.

*

तो अंगणात खाटेवर होता.
मी उभा राहिलो. बोललो नाही.
त्यानं नाक वर केलं.
"जाळ्याचा वास येते. महागू होय का?"
"होय."
"काखेत काय फडफडते?"
"कोंबडा."
"कापाले आणला?"
"नाही गा. बांग देते. पहाट झाली का तुले समजन."

बराच वेळ काहीच नाही.
मग त्यानं हात पुढे केला पिसांकडे,
तो पडला माझ्या मनगटावर.
तिथंच राहिला.
मी पुंजण्याचं सांगणार होतो.
जिभेवर आलं होतं, मिठासारखं.
त्यानं विचारलं,
"बोडीत मरळ लागते का आता?"
"लागते," मी म्हणालो. "थोडी."
"बरं झालं," तो म्हणाला,
आणि ते ऐकून मला कळेना
विष त्यानं टाकलं होतं की नव्हतं.
सून चहा ठेवायला आत गेली.

उद्या सांगेन, माय.
नाहीतर परवा.
कोंबड्याला दाणे न्यायचं निमित्त तर आहे:
रोज मूठभर धान, माझ्या कोठीतलं.
जळालं तेवढं भरायला
किती मुठी लागतील
ते तू मोज.
मला मोजता येत नाही.